पट्ट्यांचा विटाळ

आमच्या कारखान्यातले तीन पट्टे एकाच सकाळी वाया गेले, चौथ्याचा चिखल झाला, आणि त्याचा ठपका माझ्यावर आला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आता माझे हात कापतात, सकाळी काय जेवले ते संध्याकाळी सांगता येत नाही; पण तो ठपका कुणी, कुठं उभं राहून, कोणत्या शब्दांत ठेवला हे सगळं जसंच्या तसं आठवतं. वय झालं की राग निवतो असं मला बरेच जण सांगत आले. माझा निवलेला नाही. निवायच्या आत लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

कारखाना म्हणते खरी, पण ती आमच्या घराचीच पुढची खोली. सोलापुरात साखर पेठेच्या कडेला आमचं घर होतं. रस्त्याकडे तोंड करून एक लांबट खोली, तिथं लाकडाचं काम. मधल्या दारातून आत आलं की माजघर, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यांत शेवटी न्हाणी आणि मागची पडवी. आम्ही सुतार, पण नांगर-कुळव करणारे नव्हे. आमच्याकडे धोटे व्हायचे. धोटा म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांमधून आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो होडीसारखा लाकडी तुकडा. पेठेत घरोघर माग होते. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की एकेका घरातून खटक-खटक सुरू व्हायची आणि थोड्या वेळानं सगळी पेठ मिळून एकच आवाज व्हायचा. तो आम्हांला ऐकू यायचा नाही, इतका सवयीचा. तो थांबला की मात्र ऐकू यायचा. भर दुपारी माग थांबले की आई भाकरी थापता थापता हात थांबवून म्हणायची, “कुणीतरी गेलं वाटतं.” आणि बहुतेक वेळा खरंच कुणीतरी गेलेलं असायचं.

धोट्याला एकच गोष्ट लागते, गुळगुळीतपणा. तिळाएवढं कुसळ राहिलं तरी सूत अडकतं, तुटतं, आणि विणकर सुताराच्या सात पिढ्या काढतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, प्रत्येक धोटा गालावरून फिरवून बघायचे. बोटांना घट्टे पडतात, त्यांना काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातले कर्ते मात्र अण्णा नव्हते; त्यांचे थोरले भाऊ, आबा, होते. गिऱ्हाइकाशी बोलणं, काम घेणं, कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही हे सगळं आबांकडं. हात अण्णांचा आणि तोंड आबांचं, असा आमचा धंदा चालायचा. आबांची बायको ती माझी काकू, आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा रघुदादा. मी, आई आणि ही तीन-चार माणसं, एवढंच घर.

अण्णांनी कधीतरी गिरणीच्या मिस्त्रीखान्यात एक यंत्र पाहिलं होतं. तिथं लाकूड हातानं घासत नव्हते; दोन रुळांवरून एक लांबलचक पट्टा फिरत होता आणि माणूस नुसतं लाकूड त्याला टेकवत होता. अण्णा घरी आले आणि दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. दोन महिन्यांनी आमच्या पुढच्या खोलीत दोन लाकडी रूळ उभे राहिले, शेजारी बैलगाडीच्या चाकाएवढं एक चाक, आणि त्या चाकाला मूठ. रघुदादा मूठ फिरवायचा, रूळ फिरायचे, रुळांवरून पट्टा सरसर जायचा आणि अण्णा त्याला धोटा टेकवायचे. गल्लीतली पोरं दारात गर्दी करायची. दुपारपर्यंत घरभर लाकडाचा भुसा. आई आमटीच्या पातेल्यावर ओलं फडकं टाकायची, तरी भाकरीत, शेंगाच्या चटणीत, सगळ्यात त्याची चव यायची. शिसवीच्या भुशाची चव तिखट असते. तुम्हांला ठाऊक नसेल, मला आहे.

पट्टे मुंबईहून यायचे. जाड कापड, वीतभर रुंद, त्यावर सरसानं चिकटवलेली कुरुंद दगडाची खरबरीत पूड. अण्णा ते मापानं कापायचे, दोन्ही टोकं तिरपी तासून सरसानंच जोडायचे आणि आठ हातांचा गोल करायचे. सरस उकळायला लागला की त्याचा वास माजघर ओलांडून देवापर्यंत जायचा. सरस कशाचा असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एवढा मोठा पट्टा जपून ठेवणं ही एक विद्याच आहे, आणि ती आमच्या घरात कुणालाच नव्हती. सुरुवातीला रघुदादा पट्टे भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचा. वजनानं खिळ्यापाशी मोड पडायची, मोडीवरची पूड झडायची, आणि तिथंच पट्टा फाटायचा. एकदा फाटलेल्या टोकाचा फटका अण्णांच्या मनगटाला बसला. मी तेव्हा चौथी पास होऊन घरी बसले होते आणि दुपारभर त्या खोलीत झाडलोट करायचे. मी अण्णांना म्हटलं की कपडे वाळत घालतो त्या दांडीवर पातळाला मोड पडत नाही, दोरीवर पडते. खिळ्याऐवजी जाड काहीतरी द्या. अण्णांनी आंब्याच्या लाकडाचे चार गोल तुकडे तासले, परातीएवढे रुंद, आणि भिंतीत बसवून दिले. त्यावर पट्टे टांगायचे, खरबरीत बाजू बाहेर, आणि खालच्या वाकणात बांबूचं नळकांडं सोडायचं म्हणजे तिथंही मोड पडत नाही. हे नळकांडं मला सुचलं. जोड तिरपा असल्यामुळं पट्टा एकाच दिशेनं फिरवावा लागतो, उलटा लावला तर जोड उचकटतो. म्हणून आतल्या बाजूला गेरूनं बाण काढायचे, तेही माझंच.

मग ऋतू कळायला लागले. आमच्याकडचा चैत्र-वैशाख म्हणजे भट्टी. सरस वाळून ठिसूळ व्हायचा, पट्टा वाकवला की तडतड वाजायचा. मी खोलीत पाण्यानं भरलेला कोरा माठ ठेवायला लागले. पाझरत्या माठाच्या गारव्यानं पट्टे मऊ राहायचे. पावसाळ्यात उलट. माठ बाहेर, आणि पट्टे भिंतीपासून चार बोटं पुढं, कारण भिंत ओल धरते आणि ओल्या सरसाला काही धरवत नाही. उंदरांना सरस आवडतो, म्हणून खाली काही टेकू द्यायचं नाही. दोन वर्षं मी हे केलं. त्या दोन वर्षांत आमचा एकही पट्टा वेळेआधी फाटला नाही. अण्णा तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, पण नवा पट्टा जोडला की तो रघुदादाच्या हातात न देता माझ्या हातात द्यायचे.

त्या वर्षी भाद्रपदात मल्लय्या आला. पेठेत त्याचे वीस माग होते. घरात तेलुगू बोलायचा, आमच्याशी तुटक मराठी. त्याला खंडेनवमीच्या हत्यारांच्या पूजेआधी साठ धोटे हवे होते, सगळे माग एकदम नव्या धोट्यांवर घ्यायचे होते. आबांनी हो म्हटलं. शिसवी कमी पडणार म्हणून अण्णा लाकूड बघायला मोहोळच्या बाजूला गेले. तिथं एका मळ्यात झाड पाडलं होतं. पाच-सहा दिवस लागतील म्हणाले. निघताना मला एवढंच सांगितलं, “वल लई हाय. पट्ट्यांकडं बघ.”

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारही पट्टे पुसून टांगले, नळकांडी सोडली, आणि दुपारी माझ्या परकरावर डाग पडला. मला काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं लाकडाचं काहीतरी लागलं. आईनं मला ओढत मागच्या पडवीत नेलं, तोंडावर हात ठेवला आणि सांगितलं की तुला कावळा शिवला, आता चार दिवस इथंच, कशाला हात लावायचा नाही. गवगवा नको म्हणून तिनं शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नाही. एक गोणपाट, एक तांब्या, एक वेगळी थाळी. भाकरी लांबून वाढायची. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी पोटाशी गुडघे घेऊन बसले होते. दुखण्यापेक्षा मला नवल जास्त वाटत होतं, की सकाळपर्यंत मी घरातली होते आणि दुपारी कशी नव्हते.

तिसऱ्या प्रहरी रघुदादा मागं आला. त्याच्या खांद्यावर चारही पट्टे होते. चौघडी घातलेले, वरून सुतळीनं आवळून बांधलेले. नवमीआधी कारखान्याला चुना द्यायचा असं आबांनी ठरवलं होतं, भिंत मोकळी करायला सांगितली होती. त्यानं ती गठडी न्हाणीच्या भिंतीला टेकवली, त्यावर चुन्याचा रिकामा डबा ठेवला आणि वळला. माझ्यापासून चार हातांवर.

मी म्हटलं, “दादा, घडी घालू नको. मोडतील ते.”

“चुना मारायलेत तितं. कुटं ठेवू मग, डोक्यावर?”

“माजघरात दांडीवर टाक. हितं तर नकोच. न्हाणीची भिंत हाय, वल हाय.”

काकूनं ऐकलं. तिनं दारात येऊन मला सुनावलं की या दिवसांत बाप्यामाणसाशी बोलायचं नसतं आणि कामाच्या वस्तूकडं नजरही टाकायची नसते. रघुदादा निघून गेला. मी आईला विनवलं. आई रघुदादाकडं जाऊन आली. आबांनी सांगितलंय, असं तो म्हणाला. आबांकडं ती गेली नाही. थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड उघडत नसे, आमच्याकडं ती रीतच होती.

चार दिवस मी त्या गठडीकडं बघत बसले. घरातली सगळी माणसं तिथंच अंघोळ करत होती. पाण्याचे शिंतोडे उडत होते, भिंतीवरून ओघळ येत होते. मला उठून ते सोडवता आलं असतं. चार हात अंतर ते काय. मी उठले नाही, कारण हात लावायचा नाही असं मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. त्या घरातला सगळ्यांत जास्त राग मला ह्या एका गोष्टीचा येतो, आणि तो माझा मलाच येतो.

पाचव्या दिवशी पहाटे मी न्हाले. त्याच सकाळी रघुदादानं पट्टे सोडवून रुळावर चढवले. अण्णा परतले नव्हते, आणि आबांना घाई होती, म्हणून धोटा धरायला ते स्वतः बसले. मी मधल्या दारात उभी होते. पहिला पट्टा दहा-बारा फेऱ्यांत घडीवरच तुटला आणि त्याचं टोक आबांच्या गालावर सपकन बसलं. रक्त आलं. दुसरा लावला, तोही घडीवरच गेला. तिसरा तुटला नाही, त्याची पूड खपलीसारखी सुटून खाली पडली आणि नुसतं कापड फिरत राहिलं. रघुदादानं मूठ सोडली. 

मग आबांनी गालाला फडकं धरून विचारलं, पट्ट्यांना शेवटचा हात कुणाचा लागला होता. हे रघुदादाला विचारलं असतं तर उत्तर सरळ होतं. पण उत्तर काकूनं दिलं. ती म्हणाली, “त्या दिशी सकाळी हिनंच टांगले की. आन् दुपारी बाजूला बसली.”

आबा उठले. मधल्या दारापाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नसत. म्हणाले, “हत्याराला इटाळ झाला. आजपासून हिचं पाऊल ह्या खोलीत पडता कामा न्हाय.”

मी सांगितलं की घडी घातली म्हणून मोडले, घडीच्या रेघेवरच तुटलेत, बघा. आबांनी बघितलं नाही. त्यांनी काकूकडून तांब्यात गोमूत्र आणि तुळशीचं पाणी मागवलं आणि उरलेला चौथा पट्टा शुद्ध करायला घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, “आबा, पाणी नका घालू, सरस सुटंल.” त्यांनी मला आत न्यायला सांगितलं आणि तांब्या चांगला सढळ हातानं शिंपडला. आधीच ओल धरलेला पट्टा तो. सरस फुगला, पूड काळ्या चिखलासारखी घसरून खाली आली. आबांच्या बोटांना लागली. ती बोटं त्यांनी रघुदादाला दाखवली आणि म्हणाले, बघ, विटाळ किती खोल गेला होता.

 मेलेल्या म्हशीचं कातडं उकळून केलेला सरस त्या खोलीत, त्या घरात, देवापर्यंत वास जाईल असा शिजत होता, आणि त्याचा विटाळ कुणाला नव्हता. त्याच सरसाच्या पट्ट्याला मी जपलं, दोन वर्षं जपलं, त्या माझ्या हाताचा मात्र होता. माझ्या नातवाचा आता फर्निचरचा कारखाना आहे, तिथंही असे पट्टे आहेत, माझ्या वेळच्या दुप्पट लांबीचे. त्याला मी हे सांगितलं तर तो हसला. “काय लोक होते गं आज्जी,” म्हणाला. मला त्या हसण्याचाही राग आला. ते लोक म्हणजे कुणी परके नव्हते. मला रोज भाकरी वाढणारी माणसं होती ती.

त्या संध्याकाळी अण्णा गाडी घेऊन आले. लाकूड उतरायच्या आधीच आबांनी त्यांना सगळं सांगितलं. अण्णा खाली बसले, तुटलेला पट्टा मांडीवर घेतला आणि घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलट दिशेनं पुन्हा. दुसरा पट्टा उचलला, तिथंही तीच रेघ, त्याच अंतरावर. मी दाराआडून त्यांचं तोंड बघत होते. त्यांना कळलं. गालावरून धोटा फिरवून तिळाएवढं कुसळ शोधणारा माणूस तो, त्याला एवढी ढळढळीत घडी कळली नसती तर तो अण्णा कसला. मी वाट बघत होते. त्यांनी पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “बरं. आबा म्हनतील तसं.”

आबांच्या बोलण्यानं मला राग आला होता. अण्णांच्या ह्या चार शब्दांनी मला काय झालं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. त्या रात्री मी जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

नवमीपर्यंत अण्णांनी आणि रघुदादानं हातानं घासून तीस धोटे केले. बाकीचे राहिले. मल्लय्या चिडला, ते रास्तच होतं. त्यावर आबांनी दारात उभं राहून, रस्त्यावरच्या दोघा-चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला कारण सांगितलं: घरात विटाळ झाला, पोर बाजूला बसली, हत्यारं बाटली. जे माझ्या आईनं शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं ते आबांनी पेठेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले तेव्हा नळावरच्या बायका माझ्याकडं बघून हळू बोलायला लागल्या. मी घागर अर्धीच भरून आले.

दिवाळीनंतर मुंबईहून नवे पट्टे आले. मी मधल्या दाराच्या अलीकडून बघत होते. अण्णांनी ते जोडले आणि रघुदादाला टांगायला शिकवलं. गोल लाकडांवर टांगायचे. खरबरीत बाजू बाहेर. खाली नळकांडं. आत गेरूचा बाण. भिंतीपासून चार बोटं पुढं. सगळं माझं, जसंच्या तसं. माझी रीत त्यांनी ठेवून घेतली आणि मला काढलं.

त्याच्या पुढच्या खेपेला मी बाजूला बसले तेव्हा गोणपाटावर बसल्याबसल्याच माझं ठरलं. दुपारी जेवणं झाली की आबा बाजारात जायचे, अण्णा आणि रघुदादा ओसरीवर आडवे व्हायचे, काकू माजघरात झोपायची. मी उठले. काकूच्या पायांशेजारून गेले, मधलं दार ओलांडलं, आणि पट्ट्यांसमोर उभी राहिले. मग एकेका पट्ट्यावर दोन्ही तळवे टेकवले. जोडावर, बाणावर, मधे, खाली नळकांड्यापाशी. कुठली जागा सोडली नाही. हात खरबरीत बाजूवर घासले तेव्हा तळव्याची साल गेली, तरी घासले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी परतताना स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं मला कारखान्यातून येताना पाहिलं, माझे लाल झालेले तळवे पाहिले. मला वाटलं, आता संपलं. ती आत वळली आणि भांडी लावायला लागली. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा काकू जागी होईल की काय अशी मला भीती होती. पण आई आधीच काकूजवळ बसून तिचं डोकं चेपत होती, आणि काकू डोळे मिटून सुस्कारे टाकत होती. आई अण्णांसारखीच गप्प राहिली, पण तिच्या त्या गप्प राहण्याला मी आजही हात जोडते.

पट्टे चालले. एक महिना, दीड महिना. राहिलेले तीस धोटे झाले, वर आणखी झाले. मल्लय्या न्यायला आला त्या दिवशी आबा खुशीत होते. त्यांनी त्याला आत बसवलं, माझ्या हातून पाणी मागवलं, आणि भिंतीवरच्या पट्ट्यांकडं बोट करून सांगायला लागले की आता कसं सोवळं पाळतो, कसा एकही पट्टा दगा देत नाही. मी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर तांब्या धरून उभी होते. तांब्या खाली ठेवला.

“आबा,” मी म्हटलं, “त्या पट्ट्यांना मी हात लावलाय. बाजूला बसले होते तवा. चार दिवस, रोज.”

आबांना आधी समजलंच नाही. मग समजलं. अण्णा धोटे मोजत होते, त्यांचा हात थांबला. काकू मागून आली आणि तिनं माझ्या पाठीत रट्टा घातला, मग दुसरा. मी जागची हलले नाही. मी पुन्हा सांगितलं, “घडी घातल्यानं मोडले हुते. म्या न्हाय मोडले.”

मल्लय्यानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. मग त्यानं पुढ्यातला एक धोटा उचलला, अण्णा करायचे तसाच गालावरून फिरवला आणि पिशवीत टाकला. “धोटा साफ हाय, मिस्त्री,” तो म्हणाला. “मला माग चालवायचाय.” एकेक करून त्यानं सगळे धोटे पिशवीत भरले आणि उठून गेला.

तो गेल्यावर आबांनी रघुदादाला ते पट्टे उतरवून जाळायला सांगितलं. रघुदादा अण्णांकडं बघायला लागला. अण्णा खाली मान घालून म्हणाले, “जाळायचे तर धोटेबी जाळाय लागतील, आबा. मल्लय्यानं नेले ते बी. पेठंत जाऊन मागून आनायचे का?”

आबा पगडी घालून बाहेर पडले आणि दिवे लागल्यावर आले. पट्टे भिंतीवरच राहिले. अण्णांचं ते वाक्य मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात धोटे आहेत, मल्लय्या आहे, पेठ आहे. मी नाही. माझी पोर खरं बोलते, असं ते म्हणाले नाहीत. पण पट्टे वाचवायला तोंड उघडलं हे खरं, आणि आबांच्या समोर त्यांनी तोंड उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ह्याचं किती मोल धरायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

मला त्या खोलीत पुन्हा घेतलं नाही. पोर तोंडाळ झाली असं घरात ठरलं आणि तोंडाळ पोरीचं एकच करतात, ते त्यांनी केलं. वैशाखात माझं लग्न झालं. सासर करकंबचं, शेती-वाडीचं घर, माणसं बरी होती. तिथं मी विहिरीवरच्या मोटेचा नाडा उंदरांपासून जपायला शिकले आणि सासऱ्यांनी माझं ऐकलं, हेही लिहून ठेवते, कारण सगळी घरं सारखी नसतात. दर महिन्याला तिथंही मी बाजूला बसले. त्याविरुद्ध कधी ब्र काढला नाही. एकदा केलं तेवढंच, असं आता वाटतं तेव्हा मान खाली जाते.

अण्णा म्हातारे होऊन अंथरुणाला खिळले तेव्हा मी महिनाभर सोलापुरात राहिले. आबा, काकू, आई तोवर गेली होती. रघुदादानं धंदा बंद करून गिरणीत नोकरी धरली होती. पुढच्या खोलीत भाडेकरू होते. एका सकाळी मी अण्णांना भाताची पेज भरवत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. मधेच त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “चंद्रे, ते पट्टे घडीनं मोडले हुते. मला त्याच सांजंला कळलं हुतं.”

मी म्हटलं, “मला ठावं हाय अण्णा, तुमाला कळलं हुतं ते.”

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, “आबा थोरला हुता गं. त्याचा गाल फाटला हुता.”

“आन् मी कोन हुते, अण्णा?”

 मी थांबले, चमचा तसाच धरून, पेज निवेपर्यंत थांबले. मग ती पुन्हा चुलीवर कोमट करून आणली आणि राहिलेली त्यांना भरवली.